दिसायला चांगला हात

मी पडले तेव्हा भाताच्या बांधीतल्या सगळ्या बाया हसल्या, आणि मीही हसले. रोवण्याचे, धानाच्या लावणीचे दिवस होते. दोन्ही हातांत धानाच्या रोपांच्या पेंड्या घेऊन मी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून येत होते. आदल्या रात्रीच्या पाण्यानं धुऱ्याची माती साबणासारखी झाली होती. पाय सटकला, पेंड्या उडाल्या, आणि उजवा तळहात खाली टेकवून मी त्याच्यावर सगळी कोसळले. मनगटात काहीतरी कचकन झालं. पण समोर चिखलात वाकलेल्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या होत्या, "पडली व, लहानी पडली," असं एकमेकींना सांगत होत्या. त्यांच्यासमोर रडणं मला जमलं नसतं. मी उठले, पेंड्या गोळा केल्या आणि बांधीत उतरले. संध्याकाळपर्यंत रोवलं.

लहानी म्हणजे घरातली धाकटी सून. माझं माहेर मुर्रीचं, गोंदियाला लागून. वडील रेल्वेत होते, घरात निम्मी हिंदी चालायची, आणि बी.ए. होईपर्यंत मी चिखलात पाय घातला नव्हता. लग्न होऊन बोदलकशाच्या तलावाजवळच्या गावात आले ती पन्नास माणसांचा स्वयंपाक आणि दोन महिने पाण्यात वाकून राहणं एकाच वर्षी शिकले. पहिल्या रोवण्यात माझी रोपं दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगायची. जाऊ मागून येऊन ती परत खोचायची. तिला मी दीदी म्हणत असे. ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, हाडानं काटक, बोलायला तुटक. तिसऱ्या वर्षी मी तिच्या बरोबरीनं ओळ धरायला लागले होते, आणि त्याचा मला बी.ए.पेक्षा जास्त अभिमान होता. म्हणूनच त्या दिवशी पडण्याची लाज वाटली, आणि हात दुखतो हे सांगण्याची तर त्याहून जास्त.

रात्री अंगठ्याच्या मुळाशी सूज आली. सासूबाईंनी हळद-चुना गरम करून लावला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातल्या हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेलं. त्यानं अंगठा धरून असा ओढला की माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. "नस चढली होती, उतरवली," म्हणाला आणि बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधली. तिसऱ्या दिवशी हे मला तिरोड्याहून गाडीनं गोंदियाला घेऊन गेले. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडासमोर धरला.

"हड्डी एकदम साफ है," ते म्हणाले. "मोच है. गरम पट्टी बांधो, आठ-दस दिन काम मत करो."

घरी आल्यावर ह्यांनी ओसरीतूनच सांगितलं, "काही नाई निघालं फोटोत." चुलीपुढून दीदी म्हणाली, "चांगलं झालं बाई." ती मनापासून बोलली होती. सगळ्यांनाच बरं वाटलं होतं, मलासुद्धा.

आठ-दस दिवस गेले. सूज उतरली. हात दिसायला अगदी चांगला झाला, डाव्या हातासारखाच. पण कणीक मळायला घेतली की अंगठ्याच्या खालच्या खड्ड्यात कोणीतरी सुई घालून फिरवल्यासारखं व्हायचं. ओलं लुगडं पिळता येत नव्हतं. बादली उचलता येत नव्हती. माझी मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिला काखेत घ्यायचं तर डाव्या बाजूनं, आणि तेही उजव्या हाताचा आधार न देता. मी हे सगळं सांगत होते, पण सांगताना माझ्याच आवाजाचा मला राग यायचा. दाखवायला काही नव्हतं. जखम नाही, पट्टी नाही, सूज नाही. "दुखते" एवढा एक शब्द, आणि तो रोवण्याच्या दिवसांत.

ज्यांनी रोवणा केला आहे त्यांना त्या दिवसांचं वेगळं सांगायला नको. रोपं थांबत नाहीत, पाणी थांबत नाही, आणि आज आपल्या बांधीत आलेल्या बायांच्या बांधीत उद्या आपल्याला जावं लागतं. एका घरातून दोन बाया जायच्या तिथं आता एकटी दीदी जायची. पहाटे उठून सडा, चूल, तिच्या दोन मुलांची शाळा, मग दिवसभर बांधी, आणि संध्याकाळी आल्यावर माझ्या हातून राहिलेलं सगळं. तिच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या होत्या. चुलीपुढे बसून ती त्यांना तेल लावायची आणि मी कोरड्या, स्वच्छ पायांनी शेजारी बसलेली असायची.

एक दिवस मी बोरिंगवर डाव्या हातानं छोटी गुंडी भरायला गेले. कोपऱ्यावर आले तर दीदीचा आवाज ऐकू आला. शेजारणीनं काहीतरी विचारलं असावं.

"फोटो काढला ना, त्याच्यात काही नाई," दीदी म्हणत होती. "आता दुखून राहिला म्हणते तं दुखत असंल. नाई तं नौटंकी असंल. आपल्याले कुठं आतलं दिसते?"

"शिकलेल्या पोरी," शेजारीण म्हणाली.

मी तशीच मागे फिरले, रिकामी गुंडी घेऊन. रागानं जळफळावं असं काही झालं नाही. झालं ते वेगळंच. मी खोलीत येऊन उजवा हात समोर धरला, मनगट वाकवलं, दुखेपर्यंत वाकवलं, आणि विचार केला, खरंच एवढं दुखतं का? की मला चिखलात जायचं नाही म्हणून दुखतं? डॉक्टर शिकलेला, त्याचं मशीन विलायती, ते म्हणतं काही नाही. मग दुखणारी मी कोण? त्या दिवसापासून हात दुखला की आधी कळ यायची आणि पाठोपाठ शंका यायची.

दुसऱ्या दिवशी आमच्याच बांधीत रोवणा होता. मी सकाळी दीदीला म्हटलं, "आज बायांचा सैपाक मी करतो. तुमी निवांत जा." तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. "होते का तुझ्याच्यानं?" "होते," मी म्हटलं. सासूबाई भाजी चिरायला बसल्या. भात शिजला. मोठा गंज होता, काठोकाठ. सासूबाई म्हणाल्या, "थांब, कोनाले बोलावतो, दोघी मिळून उतरवा." मी थांबले नाही. दोन्ही बाजूंना फडकी धरली आणि गंज उचलला. दोन पावलं गेले असेन. अंगठ्याच्या मुळात कळ आली आणि उजवा हात आपोआप उघडला. सगळा भात आणि पेज चुलीपासून दारापर्यंत पसरली. कोंबड्या धावत आल्या.

बाया धुऱ्यावर बसून वाट बघत होत्या. भात आला नाही म्हणून दीदी घरी आली. तिनं दारातून ते पाहिलं. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं खराटा घेतला, भात एका बाजूला लोटला आणि परत तांदूळ धुवायला बसली. तांदूळ धुता धुता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाई होत तं नाई म्हणाचं होतं. तोंडाले तं काही लागलं नाई ना?"

त्या दिवशी बाया उन्हं कलल्यावर जेवल्या. का, ते गावभर कळलं.

मग मला पाळी आली. तेव्हा आमच्याकडे कापडच वापरायचे. न्हाणीत बसून मी ते धुवायचा प्रयत्न करत होते; एका हातानं घासता येत होतं, पण पिळता येत नव्हतं. पायाखाली एक टोक दाबून डाव्या हातानं पीळ घालत होते. दार नव्हतंच, गोणपाटाचा पडदा होता. पडदा सारून दीदी पाणी घ्यायला आली. मी कापड मागे लपवलं, लहान पोर लपवतं तसं. तिनं घागर खाली ठेवली आणि हात पुढे केला.

"आन इकडं."

"नाई दीदी, राहू द्या. मी करतो."

"आन म्हटलं ना."

तिनं ते माझ्या हातून ओढून घेतलं, धुतलं, घट्ट पिळलं, झटकलं आणि माझ्याच खोलीत आतल्या दोरीवर लुगड्याखाली वाळत टाकलं. त्यानंतर दर महिन्याला तेच. माझ्या आईनंसुद्धा माझं ते कापड कधी धुतलं नव्हतं. आणि धुणारी हीच, मला नौटंकी म्हणणारी. तिच्या मनात खरंच मी सोंग करत असेन, तर सोंग करणाऱ्या बाईचं कापड ती का धुते, ह्याचा अर्थ मला लागत नव्हता. ती रोज सकाळी माझी वेणीही घालून द्यायची, साडीच्या निऱ्या खोचून द्यायची, परकराची गाठ मारून द्यायची. हात तिचे खडबडीत, घाईचे. केसांत फणी अशी ओढायची की डोळ्यांत पाणी यायचं. मी मान ताठ धरून बसायची.

रोवणा संपला. हरतालिकेची तीज आली. तिजेच्या आधी गावात बांगड्या भरणारी बाई आली आणि आमच्या ओसरीत आठ-दहा जणी जमल्या. मी टाळत होते. सासूबाई म्हणाल्या, "तिजेले जुन्या बांगड्यानं बसशीन का? ये." बांगड्या भरणारीनं आधी डावा हात भरला. मग उजवा घेतला, अंगठा तळहातात दुमडला आणि बांगडी सरकवण्यासाठी हात दाबला.

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी किंवा त्यानंतर काढलेला नाही. बाळंतपणातही नाही. दोन बांगड्या तडकल्या. मी बाजूला कलंडले. शुद्धीवर आले तेव्हा बांगड्यावाली घाबरून सगळ्यांना सांगत होती, "मी जोर नाई लावला वो, देवाशप्पत नाई लावला," आणि माझं डोकं दीदीच्या मांडीवर होतं. तिच्या कपाळाला घाम आला होता. ती सासूबाईंकडे वळून म्हणाली, "माय, हे नौटंकी नोहोय. उद्या मी स्वता घेऊन जातो हिले."

सासूबाईंना तो शब्द नवा होता. "नौटंकी कोन म्हणते?" त्यांनी विचारलं.

ह्या वेळी हाडांचे डॉक्टर होते, दुसरे. त्यांनी अंगठ्याच्या खालच्या खड्ड्यात बोट दाबलं, मी हात झटकला, आणि ते "हां" म्हणाले. हात वाकडा-तिकडा ठेवून चार फोटो काढायला लावले. मग दीदीला आणि मला आत बोलावून फोटो उजेडावर लावला आणि पेनाच्या टोकानं दाखवलं. मनगटात काजूएवढं एक हाड होतं. त्याच्या बरोबर मधोमध एक काळी रेघ.

"ये देखो. टूटा है. डेढ़-दो महिना हो गया होगा. पहले फोटो में ये हड्डी अक्सर दिखती नहीं."

आणि मी हसले. गालातल्या गालात नाही, चांगली मोठ्यानं हसले. खुर्चीतून अर्धी उठून दीदीला म्हटलं, "दिसलं ना? दिसलं ना तुमाले?"

डॉक्टर बघत राहिले. "इसमें हँसने का क्या है?" ते म्हणाले. "अच्छी बात नहीं है ये. इस हड्डी में खून कम जाता है. जुड़ेगी कि नहीं, मैं आज बता नहीं सकता."

मी खाली बसले. दीदी फोटोकडे बघत नव्हती, फरशीकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. माझं हाड मोडलेलं आहे ह्याचा मला एवढा आनंद झाला होता की ते जुळेलच असं नाही हे ऐकायलाच मला वेळ लागला. आणि तो आनंद मी तिच्या तोंडावर फेकला होता, जिनं दीड महिना माझे केस विंचरले होते. तिरोड्याला उतरेपर्यंत आम्ही दोघी खिडकीबाहेर पाहत बसलो. गंगाझरीला गाडी थांबली तेव्हा तिनं शेंगदाणे घेतले आणि सोलून सोलून माझ्या डाव्या हातात देत राहिली, कारण मला सोलता येत नव्हते.

अंगठ्यापासून कोपरापर्यंत प्लास्टर बसलं. आता दाखवायला काहीतरी होतं. गावात लोक थांबून विचारायचे, आणि प्लास्टर पाहिल्यावर आवाज मऊ व्हायचा. ज्या शेजारणीनं "शिकलेल्या पोरी" म्हटलं होतं तिनं तांदळाच्या पिठाच्या चकल्या आणून दिल्या. मी त्या खाल्ल्या.

पण प्लास्टरनं प्रश्न सुटला नव्हता, फक्त लांबला होता. दोन रस्ते होते. एक, तसंच बांधून ठेवायचं आणि हाड जुळतं का बघायचं. दुसरा, नागपूरला ऑपरेशन, कमरेच्या हाडातून तुकडा काढून मनगटात बसवायचा आणि बारीक स्क्रू मारायचा. नागपूरचे एक मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा गोंदियाला यायचे, ठरवायचं ते त्यांनी. पहिल्या भेटीत ते म्हणाले, थोडं थांबू. प्लास्टर बदललं. पुढच्या महिन्यात फोटोत रेघ तशीच होती, पण कडा धूसर वाटतात म्हणाले, अजून थांबू. तिसऱ्या वेळी ते आलेच नाहीत. आम्ही दिवसभर बाकावर बसून परत आलो.

धान कापणीला आलं, कापलं गेलं, चुरलं गेलं. घरात रोज कोणी ना कोणी विचारायचं, "मंग काय म्हणते डॉक्टर?" आणि मी म्हणायची, "पाहू म्हणते." असं इतक्या वेळा म्हटलं की पुढे पुढे विचारणाऱ्याच्या आधी मीच हसून म्हणायची, "पाहू म्हणते." सासूबाईंना कापाकापी नको होती. कमरेचं हाड काढलं तर बाई पुढे वजन उचलेल का, दुसरं बाळंतपण कसं होईल, हे त्यांचं म्हणणं. हे म्हणायचे, "डॉक्टर म्हणते ते करू." आणि डॉक्टर तर काही म्हणत नव्हते.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली. घरी पाहुण्यांची रीघ. पंगतीत मला डाव्या हातानं चमच्यानं जेवावं लागायचं. पाहुण्यांतली एक म्हातारी माझ्या हाताकडे सारखी बघत होती. सासूबाईंनी माझं ताट उचललं आणि हळूच आत चुलीपाशी नेऊन ठेवलं. मला वाईट वाटू नये म्हणूनच केलं त्यांनी ते. त्याच दिवशी माझी मुलगी अंगणात पडली. गुडघा फुटला. रडत उठली, आणि मी ओसरीच्या पायरीवर दोन हातांच्या अंतरावर बसलेली असताना मला ओलांडून, सरळ आत पळत गेली, दीदीकडे. दीदीनं तिला उचललं, पदरानं नाक पुसलं. मी माझा पुढे झालेला हात मागे घेतला. प्लास्टर चुन्याच्या ढेकळासारखं मांडीवर पडलं होतं.

त्या आठवड्यात मी म्हटलं, मला मुर्रीला जायचं. आईही निरोप पाठवत होती. इथं मी एक जास्तीचं ताट होते, एवढंच मला दिसत होतं. सकाळी दीदी वेणी घालत असताना मी तिला सांगितलं.

"काऊन?" तिनं विचारलं.

"येथं तुमाले त्रास."

फणी थांबली. ती माझ्या मागे होती, तिचा चेहरा दिसत नव्हता. मग ती म्हणाली, "मी तुले नौटंकी म्हटलं होतं. बोरिंगवर."

"मी ऐकलं होतं."

"ऐकलं होतं? मंग काऊन नाई बोलली? भांडाचं नाई का?"

"मलेबी तसंच वाटून राहिलं होतं, दीदी," मी म्हटलं. "का मी सोंगच करून राहिली म्हणून."

मला वाटलं ती हसेल किंवा रडेल, पण तिनं फणी परत केसांत घातली, आणि ह्या वेळी गुंता सोडवायला केस मुळाशी एका हातानं धरून ठेवले, ओढ लागू नये म्हणून. शेवटची गाठ मारून म्हणाली, "मुर्रीले जाचं तं जा. पन पोरगी नेऊ नको. एका हातानं कशी पाहाशीन? नाई तं राहा येथंच." मी राहिले.

संक्रांतीच्या आधी नागपूरचे डॉक्टर परत आले. त्यांनी नवा आणि जुना फोटो शेजारी शेजारी लावले, बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची माझ्याकडे वळवून मराठीतच म्हणाले, "अजून दोन-तीन महिने थांबलो तर जुळेल कदाचित, नाहीही जुळणार. ऑपरेशन केलं तर बहुतेक जुळेल, पण मनगट पूर्वीसारखं वाकणार नाही. हात तुमचा आहे. तुम्ही सांगा."

इतके महिने मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. घरात सगळ्यांचं मत होतं, माझं कोणी विचारत नव्हतं म्हणून मनातल्या मनात कुढत होते. आणि आता विचारलं तेव्हा मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे डॉक्टरांकडे बघत होते. मी डॉक्टरांना म्हटलं, "तुम्हाला बरं वाटेल ते करा."

डॉक्टरांनी मान हलवली, थोडी कंटाळून. बी.ए. झालेली बाई, स्वतःच्या हाताबद्दल एक वाक्य बोलू शकली नाही. शेवटी ह्यांनीच विचारलं, "साहेब, तुमच्या घरचं कोनी असतं तं काय केलं असतं?" डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन." आणि ते ठरलं.

नागपूरला दीदी माझ्याबरोबर राहिली. घर सासूबाईंनी आणि ह्यांनी सांभाळलं. दीदीची मुलं आणि माझी मुलगी त्यांच्याकडे. मनगटापेक्षा कंबर जास्त दुखली. पहिले चार दिवस मला कूस बदलता येत नव्हती. दीदी भांडं द्यायची, न्यायची, पुसायची. वॉर्डातल्या बायांना वाटलं ती माझी सख्खी बहीण. त्यांनी विचारलं तर ती म्हणायची, "जाऊ आहे," आणि त्या बाया आमच्या दोघींकडे बघत राहायच्या. मी मान वळवून भिंतीकडे तोंड करायचे. आभार मानावेत तर कोणत्या शब्दांत? आमच्या घरात आभार मानत नाहीत. आणि मानले असते तरी ती म्हणाली असती, "कायले व?"

हाड जुळलं. उन्हाळ्यात प्लास्टर निघालं तेव्हा आत दुसऱ्याच कोणाचा तरी हात होता, वाळलेल्या काटकीसारखा, कातडी सोलणारा. गरम पाण्यात बुडवून, रबराचा चेंडू दाबून तो हळूहळू माझा झाला. एक दिवस दुपारी घरात कोणी नसताना मी आरशापुढे बसून स्वतःची वेणी घातली. वाकडी झाली, पण झाली. ती सोडून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी दीदीपुढे जाऊन बसले. त्यानंतरही बसत राहिले, काही दिवस. हात चांगला झालेला असताना, ती दमलेली असताना. उठून सांगायला काय जात होतं, पण सांगवत नव्हतं. आता मात्र खरंच सोंग होतं, आणि ते मला सोडवत नव्हतं.

एका सकाळी ती वेणी घालता घालता म्हणाली, "काल चुलीवरून गंज तूच उतरवला ना?"

"हो."

"मंग हात बरा झाला तुझा."

माझे कान तापले.

"कधीचा?"

"झाले थोडे दिवस."

तिनं पेड घट्ट ओढला, अगदी पहिल्यासारखा, डोळ्यांत पाणी येईल असा. "बस नीट," म्हणाली, "हलू नको," आणि शेवटपर्यंत वेणी घातली. पुढच्या दिवशी मी गेले नाही, तिनं बोलावलंही नाही.

त्या पावसाळ्यात मी रोवायला गेले. मनगट मागे वाकत नाही, त्यामुळे रोप खोचताना कोपर फिरवावं लागतं आणि ओळ थोडी मागे पडते. अजूनही पडते. जमिनीवरून उठताना मी तळहात टेकत नाही, मूठ टेकते. लोकांना वाटतं गुडघे दुखतात. मध्ये हे आणि ह्यांचे मोठे भाऊ वेगळे झाले, अंगणात भिंत आली, भिंतीला दार ठेवलं. त्या दारातून दीदी भाजीची वाटी घेऊन येते, माझ्या हाताकडे कधीच बघत नाही. मी मात्र नवीन कोणी भेटलं आणि ओझं उचलायची वेळ आली की विचारायच्या आधीच बाही सारून मनगटावरचा व्रण दाखवते. दाखवून झाल्यावर लाज वाटते. पण हात आधी पुढे जातो.